तोंड बघायचं राहिलं

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, मी माणसांची तोंडं काढते. ऐकणारा दचकतो आणि मला तेवढीच गंमत. खरं काम तसं कंटाळवाणं आहे. पुण्यातली एक संस्था मेंदूचे एमआरआय जमवते आणि कुठल्याही देशातल्या अभ्यासकाला वापरता यावेत म्हणून ते खुले करते. खुले करण्याआधी त्यातून माणूस पुसून काढावा लागतो. नाव, जन्मतारीख, गाव, दवाखान्याचा नंबर हे फाईलमधून काढणं सोपं. पण डोक्याचा एमआरआय म्हणजे नुसता मेंदू नव्हे. मशीन कपाळ, नाक, पापण्या, ओठ, हनुवटी सगळंच टिपून घेतं. ते पातळ काप कंप्युटरने एकावर एक रचले की पडद्यावर चक्क चेहरा उभा राहतो. केस नसलेला, राखाडी, डोळे मिटलेला, पण घरच्या माणसाला ओळखू येईल असा. म्हणून तो कापायचा. प्रोग्राम हे काम आपोआप करतो, पण त्याचा हात कधी जड पडतो, कधी हलका. नाकाचा शेंडा राहून जातो, नाहीतर मेंदूचाच टवका उडतो. एकेक डोकं तपासून जिथे चुकलं असेल तिथे हाताने नीट करायचं, एवढंच मी करते.

नवीन आलेली मुलं कुरकुरतात. नाव काढलं ना, मग आता मेंदूवरून कोण कुणाला ओळखणार आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांना मी सांगते की तुम्ही आमच्या खोऱ्यात राहिलेला नाहीत. महाडच्या एसटी स्टँडवर मी पाठमोरी उभी असताना एका म्हातारीने मला विचारलं होतं, तू अमक्या मास्तराची ना गो, उभी बापासारखीच राहतंस. त्या बाईला मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. पोलादपूरपासून महाडपर्यंत नदीच्या अंगाने जेवढ्या वाड्या आहेत तिथे माणूस ओळखायला नाव लागतच नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, सुना सासऱ्याचं घेत नाहीत, तरी कुणाविषयी चाललंय ते नळावरच्या शेवटच्या बाईपर्यंत बरोबर पोचतं. नाव पुसलं म्हणजे माणूस झाकला, असं तिथे वाढलेल्या कुणालाच वाटणार नाही.

जिच्याविषयी लिहायला बसले आहे तिचंही नाव मी लिहिणार नाही. ती माझी मैत्रीण होती.

आमची बौद्धवस्ती ओढ्याच्या अलीकडे आणि तिची वाडी पलीकडे. माझे वडील गावच्याच शाळेत मास्तर. ती आणि मी एका बाकावर बसायचो, आणि मास्तरांची मुलगी म्हणून मला जेवढा मार कमी पडायचा तेवढा माझ्या वाटचा ती खायची, असं ती म्हणायची. एके सकाळी प्रार्थनेच्या रांगेत ती आडवी झाली. हातपाय झाडायला लागली, तोंडाला फेस आला. कुणी कांदा फोडून आणला, कुणी चप्पल नाकाला लावायला धावला. वडिलांनी सगळ्यांना हाकललं, तिला कुशीवर वळवलं आणि थांबेपर्यंत तिच्याजवळ उकिडवे बसून राहिले. त्या दिवशी मी इतकी घाबरले की घरी जाऊन जेवले नाही.

वाडीत निदान झालं, बाहेरचं आहे. तिच्या आईने एक देवऋषी केला, दुसरा केला, मग गावदेवीला नवस बोलली. तिच्या आईला मी काकी म्हणते. काकी अंगाने काटक, बोलायला फटकळ, आणि लेक म्हणजे तिचा जीव की प्राण. वडिलांनी तिच्याशी हुज्जत घालून घालून अखेर दोघींना महाडला डॉक्टरकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या आणि फिट येणं कमी झालं. श्रेय अर्थातच देवीला मिळालं. वडिलांची त्याला हरकत नव्हती. देवीला खुशाल ओटी भर, पण पोरीची गोळी बंद करू नकोस, एवढंच ते काकीला सांगत राहिले. काकीने ओटी भरली आणि गोळी बंद केली. नवस फिटल्यावर औषध घेणं म्हणजे देवीवर अविश्वास, आणि गोळ्या खाणारी मुलगी म्हणजे लग्नाच्या बाजारात संपलेली मुलगी.

तेव्हापासून तिची गोळी माझ्या वडिलांच्या खिशात असायची. वही तपासून देताना ते वहीबरोबर गोळी द्यायचे आणि ती नळावर जाऊन गिळून यायची. पुढे वडील निवृत्त झाले, मी पुण्याला शिकायला आणि मग नोकरीला आले, तेव्हा गोळ्या पाठवायचं काम माझ्याकडे आलं. महाडला त्या मिळत नव्हत्या असं नाही. पण महाडच्या औषधाच्या दुकानात जो मुलगा उभा असतो त्याची आत्या कुठल्या तरी वाडीत दिलेली असतेच, आणि बातमी गावाला एसटीच्या आधी पोचते. मी केसांच्या तेलाच्या खोक्यात गोळ्या भरून गावी जाणाऱ्या माणसाबरोबर द्यायची. तिच्या सासूला वाटायचं, पुण्याची मैत्रीण काय बाई हौशी, दर महिन्याला तेल धाडते.

सासरी अर्थातच काही सांगितलं नव्हतं. नवरा महाडच्या एमआयडीसीत पाळीने कामाला, घर पोलादपूरकडे नदीच्या काठाला, माणसं तशी बरी. पण सांगितलं असतं तर ते लग्न झालं नसतं, हे आमच्याकडे कुणाला समजावून द्यावं लागत नाही. मला या गोष्टीचा तेव्हाही संताप यायचा आणि आजही येतो. मधुमेहाची गोळी माणसं चारचौघांत खातात, वर कितीची आहे तेही सांगतात. फिटची गोळी मात्र चोरासारखी खायची. काकीला तर वाटत होतं की फिट कधीच्या गेल्या. लेकीने तिला तसंच वाटू दिलं होतं.

लग्नानंतर वर्ष-दीड वर्षाने फिट पुन्हा वाढल्या, बहुतेक पहाटे झोपेत, नशिबाने नवरा रात्रपाळीला असताना. माझ्याकडे चार दिवस राहायला म्हणून ती पुण्याला आली आणि आम्ही मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. एमआरआय झाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून आम्हा दोघींना दाखवली. मेंदूच्या डाव्या बाजूला, कपाळाच्या मागे, चिंचोक्याएवढा काळा डाग होता. जुना मार आहे, ते म्हणाले, अगदी तान्हेपणीचा. त्याचा वण राहिलाय आणि फिट तिथून सुरू होतात. लहानपणी कधी डोक्यावर पडली होतीस का, असं त्यांनी विचारलं. ती नाही म्हणाली.

स्वारगेटला महाडच्या गाडीची वाट बघत आम्ही बसलो होतो. शेंगा खात होतो. खाता खाता ती एकदम थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "झोळी गो."

मला लगेच कळलं, कारण ती गोष्ट मीही काकीच्या तोंडून पुष्कळदा ऐकली होती. लावणीचे दिवस होते. काकीने बांधावरच्या झाडाला झोळी बांधून तान्ह्या लेकीला तिच्यात निजवलं होतं आणि ती खाचरात उतरली होती. गाठ सुटली, पोर खाली दगडावर पडली. काकी धावत आली तर पोर रडलीसुद्धा नाही, तशीच निजून राहिली ती संध्याकाळपर्यंत. काकी हे कौतुकाने सांगायची. देवीनं फुलासारखी झेलली माझ्या पोरीला, अंगावर ओरखडासुद्धा नाय, असा तिच्या गोष्टीचा शेवट असायचा. हळदीकुंकवाला सांगायची, बारशाला सांगायची. रडली नाही यातच सगळं आलं, हे आता आम्हा दोघींना कळत होतं.

"आयला कदी कळता नये," ती म्हणाली. "ती झुरून मरंल. तिला वाटतं मला देवीनं झेलली."

मी बरं म्हणाले. तिने माझा हात धरून पुन्हा म्हणायला लावलं.

त्याच भेटीत तिला विचारणा झाली होती की तुमचा एमआरआय संशोधनासाठी दिलात तर चालेल का. हे विचारायला बसणारी बाई आमच्या संस्थेची, फार नीट समजावून सांगते. तरी हिने बाहेर येऊन मलाच उलटसुलट विचारलं. माझं तोंड दिसंल? नाव दिसंल? गाव? मी सांगितलं की काहीच दिसणार नाही, चेहरा तर मीच काढते. मग ती म्हणाली, देते, आणखी कुणा पोरीला उपेग झाला तर झाला. सही केली. घरी जाऊन तिने आईला मात्र वेगळं सांगितलं: मैत्रिणीच्या हापिसात धडधाकट माणसांच्या डोक्याचे फोटो लागतात, म्हणून मी देऊन आले. हे खोटं म्हणायलाही अर्धंच होतं, कारण धडधाकट माणसांचे एमआरआय आम्हाला खरोखर लागतात. काकीला त्याचं भारी अप्रूप वाटलं. आपल्या लेकीचं डोकं पुण्याला वाखाणलं गेलं, असं ती वाडीत सांगत होती.

काही महिन्यांनी तिची फाईल माझ्यासमोर आली. फाईलवर नाव नसतं, नुसता आमचा नंबर असतो, आणि कुठला नंबर कुणाचा ते मला कळू देत नाहीत. पण तो डाग मी ओळखला. फाईल दुसऱ्याकडे द्यावी असं मनात आलं होतं, पण तिने तर माझ्याच भरवशावर सही केली होती. काप रचून बघितले तर ती समोर. डोळे मिटून, ओठ जरा उघडे, शाळेत प्रार्थनेला उभी राहायची तशी निमूट. मग प्रोग्राम चालवला, त्याने नाकाचा शेंडा ठेवला, तो मी हाताने काढला. कानही काढले. रीत म्हणून दोनदा तपासलं.

तिला फोनवर सांगितलं तर हसत सुटली. म्हणाली, माझं तोंड काळं करायला टपलेल्या पुष्कळ हायत, कापणारी तू पहिली. मग आवाज उतरवून विचारलं, आता कोण मला वळखणार नाय ना? मी म्हणाले, तुझी आईसुद्धा नाही.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी ती गेली. आमच्याकडे गणपतीआधी सगळं घर धुऊन काढतात. पावसाने जरा उघडीप दिली की गोधड्या, चादरी, सतरंज्या घेऊन बायका नदीवर जातात. बरोबरच्या दोघी धुणं वाळत घालायला वर गेल्या होत्या, ही उरलेलं धूत होती. त्या परत आल्या तेव्हा बादली होती, साबण होता, ती नव्हती. नदीला पाणी होतं. दोन-तीन दिवसांनी खूप खाली, वळणावरच्या झाडोऱ्यात सापडली.

सगळे म्हणाले शेवाळावरून पाय घसरला. पोलिसांनी तेच लिहिलं. मी काही बोलले नाही. मला जे वाटतं ते मला ठाऊक आहे, आणि तिच्या सासरी कुणाला ठाऊक असतं तर तिला पाण्याजवळ एकटी सोडली नसती, हेही मला ठाऊक आहे. ज्या झाकण्यामुळे तिचा संसार झाला त्याच झाकण्यामुळे ती गेली. यात मी कुणाला शिव्या द्यायच्या ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाईमाणूस गेलं की माहेरची माणसं येऊन तोंड बघेपर्यंत उचलत नाहीत, अशी आमच्याकडे रीत आहे. कितीही उशीर होऊ दे, थांबतात. माहेरच्या साडीशिवाय तिला वाटेला लावत नाहीत. काकी साडी घेऊन जीपने गेली होती. पण रस्त्यावरच तिच्या मुलाने तिला अडवलं. बघण्यासारखं राहिलं नाय आये, तू बघू नको, तो म्हणाला. चार माणसांनीही तेच सांगितलं. तिला जीपमध्ये बसवून ठेवलं आणि साडी मुलगा घेऊन गेला. मी पुण्याहून निघाले तर वरंधा घाट दरडीने बंद. ताम्हिणीवरून फिरून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. काकी घरात भिंतीला टेकून बसली होती. रडत नव्हती. मला बघून एवढंच म्हणाली, साडी चांगली होती गो, हिरवी.

दिवाळीनंतर मी गावी गेले तेव्हा दुपारी तिच्याकडे गेले. भात झोडून झाला होता, ओटीवर पेंढा पसरला होता. काकी निम्मी झाली होती. मी जवळ बसले. तिने माझ्या पुण्याच्या खोलीची, खाण्यापिण्याची चौकशी केली आणि मग विचारलं की लेकीचं डोकं तुझ्या हापिसात आहे ते अजून आहे का.

आहे, मी म्हणाले.

तिला ते बघायचं होतं. मला वाटलं फोटो नाहीत म्हणून विचारते आहे. पण फोटो होते, मुलाच्या मोबाईलमध्ये ढिगाने होते. लग्नातले, मंगळागौरीतले, महाडला आईस्क्रीम खातानाचे. काकीने मोबाईल माझ्या हातात दिला आणि पुन्हा काढून घेतला.

"ह्यात ती हसते गो. सगळ्यांत हसते. मला हसताना नको," ती म्हणाली. "मला निजलेली बघायची हाय, डोळे मिटलेली. तुज्या मशिनीत ती निजलेली व्हती ना? तिचं तोंड बघायचं राहिलं माजं."

तिच्या लेकीचा डोळे मिटलेला चेहरा या जगात एकाच एमआरआयमध्ये होता आणि आमच्याकडच्या प्रतीतून तो मी कापला होता. मूळ फाईल दवाखान्याच्या कुलपात असते, ती उघडायचा अधिकार मला नाही. असता तर मी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही. मी काकीला खरं तेच सांगितलं. चेहरा कुणाला दिसू नये म्हणून काढून टाकतात, तसा नियम आहे, तिलाही तेच हवं होतं.

कुणी काढलं, तिने विचारलं. मी म्हणाले, मी. ती बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"मग डोकं तर हाय ना," ती म्हणाली. "डोकं मी केलंय तिचं. पाचवी पुजल्यापासून रोज टाळू भरली, दोन्ही हातांनी दाबून दाबून गोल केलं. मागून दिसली तरी वळखीन."

डोकं होतं. आणि ते दाखवायला नियमाची आडकाठी नव्हती, कारण आम्ही खुली केलेली डोकी कुणीही बघू शकतं. माझ्या लॅपटॉपवर ती होतीच. आडकाठी एवढीच की कुठलं कुणाचं ते सांगायचं नाही. मी लॅपटॉप आणला आणि काकीला स्वच्छ सांगितलं, मी दाखवीन, पण ही तुझी असं मी सांगणार नाही, मला ते सांगता येत नाही. ती म्हणाली, तू कशाला सांगायला पायजे.

मला वाटलं असतं तर मी ती एक फाईल वगळू शकले असते. काकीला काही कळलं नसतं. उघडण्याआधी मी तो विचार केलाही. पण ही बाई साडी घेऊन गेली होती आणि जीपमधून परत आली होती. आता मीसुद्धा लेक तिच्यासमोरून जाऊ दिली नाही तर मग काय राहिलं? तिला कळलं नाही तरी तिच्या डोळ्यांखालून एकदा जाईल, एवढंच मला हवं होतं. डाग असलेली डोकी आणखीही होती, त्यात ती मिसळून जाईल असं मी मनाशी म्हटलं.

मी एकेक डोकं उघडत गेले. पडद्यावर तीन चौकटी असतात: एकीत डोकं बाजूने कापलेलं, एकीत वरून, एकीत समोरून. समोरून बघितलं तर कपाळाखाली नुसता काळोख. पहिलं डोकं बघून काकीच्या तोंडून आई गं निघालं, मग तिने मन घट्ट केलं. पदराने डोळे पुसून पुढे सरकली. ती चेहऱ्याच्या जागेकडे बघतच नव्हती, मागचा गोल बघत होती. ही नव्हं, हिचं मागून चपटं हाय. हा बाप्या असंल. ह्या पोरीला कुणी तेल लावलेलं नाय. एकदोघांना नावं ठेवतानाचा तिचा जुना फटकळपणा ऐकून मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं.

मग ती आली.

माझा हात थांबला नाही, मी थांबू दिला नाही. इतर डोक्यांना जेवढा वेळ देत होते तेवढाच देत होते. काकीनेच हात वर करून मला थांबवलं आणि डोकं पडद्याजवळ नेलं. तिने वरून कापलेल्या चौकटीतल्या काळ्या डागावर बोट ठेवलं. हे काय झालंय हिला, तिने विचारलं.

जुना मार आहे, मी म्हणाले. डॉक्टरांचंच वाक्य. तोंडातून निघून गेलं. तान्हेपणीचा असावा.

काकीने जीभ टाळ्याला लावून चुकचुक केलं. बोट तिथेच होतं.

"तान्ह्या पोरीला असा मार लागेपर्यंत आई कुठं व्हती हिची?"

मी पुढचं डोकं उघडलं.

त्यानंतर ती किती डोकी बघत होती आणि काय बोलत होती ते मला धड आठवत नाही. मी यंत्रासारखी बटण दाबत होते. एका डोक्याशी तिने माझं मनगट धरलं. स्वच्छ, निर्मळ डोकं होतं, कुठे काही नाही, मागून छान गोल. ते कुणाचं ते मला माहीत नाही. बाईचं की पुरुषाचं, तेही नाही. तिने उजवा तळवा पडद्यावर, डोक्याच्या वरच्या बाजूला ठेवला आणि तेल जिरवतात तसा हलकेच फिरवला.

"हीच," ती म्हणाली. "बघ कसं गोल आलंय. कुठं एक ओरखडा नाय. हीच ना गो?"

कुठलं कुणाचं ते सांगायचं नाही, हा नियम मी तोपर्यंत कधी मोडला नव्हता, आणि तेव्हाही मोडला नाही. मी हो म्हणाले.

काकी त्या अनोळखी डोक्याशी मनसोक्त रडली. जीपमधून परत आल्यापासून ती अशी रडली नव्हती, असं तिच्या मुलाने मला नंतर सांगितलं. तिच्या पाठीवरून हात फिरवत मी बसून राहिले. माझी मैत्रीण काही डोकी मागे, त्याच लॅपटॉपमध्ये होती आणि तिच्याशी रडायला कुणी नव्हतं. तिनेच असं मागून घेतलं होतं. तरी मला त्या क्षणी तिचा राग आला, माझाही आला, आणि सगळ्यात जास्त कीव आली ती काकीची.

रडून झाल्यावर तिने तोंड धुतलं, पेंढ्यावर येऊन बसली. मी लॅपटॉप मिटत होते तेव्हा तिने विचारलं, "मघाची ती पोर, लागलेली. जिवंत हाय का गो ती?"

"नावं काढलेली असतात काकी," मी म्हणाले. "आम्हाला कळत नाही."

"असू दे. जिथं असंल तिथं असू दे," काकी म्हणाली. "तिच्या आईला तरी दिसू दे ती."

मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली आणि मला चहा करायला आत गेली.